उलट्या पिसांचं घराणं

राजूरजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या बायनाबाईच्या कोंबड्यांची पिसं उलटी, वरच्या बाजूला वळलेली. पाहुणे हसायचे, "हिला कुणी उलटा कंगवा मारला?" बाईचं डोकं फिरायचं. ही जात तिच्या मायच्या मेंढरांमागं, घोड्याच्या पाठीवर डालग्यात बसून गावोगाव हिंडलेली. आता आसपास तिच्याकडंच उरली होती. भूतबाधेच्या उताऱ्यासाठी कुणी कोंबडा मागायला आलं, तर बाई त्याला दारातूनच वाटेला लावायची.

जात शुद्ध राहावी म्हणून तिनं नेम धरला होता : उलट्याला उलटंच जोडायचं. साध्या पिसाचं पिलू निघालं की ते बाजारात. अन् इथंच गाडं अडलं. दर खेपेला बऱ्याच पिलांना पिसं धरायचीच नाहीत, ती नागडीच राहायची, थंडीत माना टाकायची. बाई त्यांना गोधडीच्या तुकड्यात गुंडाळायची, चुलीपाशी ठेवायची, रडायची अन् पुन्हा तसलीच जोडी लावायची. खोट त्या जोडीतच आहे, हे आता हिला कुणी सांगावं? नवरा धुळाजी सांगू बघायचा, तर "तुमी मेंढरं बघा" म्हणून त्याला गप्प करायची.

यंदा शेवटची कोंबडी मुंगसानं नेली. राहिला एकटा कोंबडा. संभाजीनगरहून पोराचा, करणचा, फोन आला, "माय, सोड हा नाद. सुधारित जातीची पिलं आणून देतो."

"तुझी पिलं तूच पाळ," बाई म्हणाली अन् फोन ठेवून पदर डोळ्याला लावला.

कोंबडा मात्र सुतकात बसला न्हाई. कुंपण ओलांडून शेजारच्या सोनूबाईच्या साध्या कोंबड्यांत जाऊन रमला. बायनाबाई पदर खोचून कुंपणाशी गेली.

"सोनूबाई, तुझ्या कोंबड्यांनी माझ्या कोंबड्याला नादी लावलं!"

"अगं बाई! त्या काय बोलवायला गेल्त्या? तुझाच आला उड्या मारत!"

झालं, बोलणं बंद. बायनाबाईनं कोंबडा डालग्याखाली कोंडला.

पण व्हायचं ते होऊन गेल्तं. सोनूबाईची कोंबडी अंड्यांवर बसली, पिलं निघाली. बायनाबाईनं कुंपणावरून चोरून पाहिलं : गुबगुबीत, साधीसुधी. "गेलं आपलं घराणं. साध्या कोंबडीच्या पोटी साधीच निपजणार," ती धुळाजीला म्हणाली. त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही.

महिनाभरानं पलीकडून सोनूबाईचीच हाक आली. "बायना, जल्दी ये! तुझ्या कोंबड्याचे उद्योग बघ!"

पिलांना आता खरी पिसं फुटली होती. निम्म्यांची चक्क उलटी वळलेली, अन् अंगभर दाट. नागडं एकसुद्धा नव्हतं. बायनाबाई मातीतच बसली. एक पिलू उचलून तिनं गालाला लावलं. इतका आनंद तिला करणच्या बारशालासुद्धा झाला नसेल.

"मीच खुळी गं," ती म्हणाली. "शुद्ध शुद्ध करत मीच मारून राह्यले होते यांना."

"मंग ने की आता सगळी उलटी."

"न्हाई. निम्मी तुझ्याकडं राहू दे. एका दारात ठेवली म्हणून तर संपत आल्ती. अन् मला तुझी एक साधी कोंबडी दे."

पदरात पिलं अन् काखेत ती कोंबडी घेऊन बाई अंगणात आली. धुळाजी बघतच राहिला.

"बघता काय?" बायनाबाई म्हणाली. "सून आणली."