खारं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते. पण मान खाली घालून सांगणार नाही, हे आधीच बजावते.

आम्ही पातूरचे माळी. वऱ्हाडावर नागपूरहून साहेब राज्य करायचा, तेव्हाची गोष्ट. पूर्णा नदीकडच्या एका गावाहून पाहुणे मला पाहायला आले — आणि पसंत केली कोण? पाणी घेऊन आलेली माझी चुलत बहीण, काशी! माझ्यात काय कमी होतं? काम तर मी तिच्या दुप्पट उपसायची. मी जळले. हो, जळले. दुसरा शब्द कशाला शोधू?

तो मुलूखच असा — एका मळ्यात पाणी गोड, तर शेजारच्या मळ्यात तोंडात धरवणार नाही इतकं खारं. खाऱ्या पाण्यात दिलेल्या मुलीनं जन्मभर लांबून घागरी वाहायच्या. म्हणून पसंती कळली की मुलीकडचे आधी विहिरीची चौकशी करतात. आई गेल्यावर मी त्या गावी मावशीकडे राहिले होते. काशीच्या आईनं मलाच विचारलं. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. वर न बघता म्हटलं, “खारं हाये, काकू. मी सोता पिऊन पाह्यलं.”

झालं! मावशीला विचारायलाही कुणी गेलं नाही. घरच्या पोरीवर कोण अविश्वास दाखवतो? काकांनी नकार धाडला. पुढे काशीला अमरावतीत, राजापेठेतल्या एका बिजवराला दिली. तिच्या पाठीवरचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

अजूनही भेटली की ती माझा हात धरते. “तुयामुळं वाचली व मी,” म्हणते. “नाही तं जलमभर घागरी वाहत बसली असती.” मी तिच्या हातचा चहा पिते. खरं सांगून तिचे दिवस परत येणार आहेत का? — छे, हा बहाणा झाला. बहाणा नको.

पाणी गोड होतं. मावशीकडे असताना त्याच विहिरीवर मी ओंजळ धरली होती आणि घागर त्यानंच, काशीला पसंत करणाऱ्या त्या मुलानंच, ओतली होती. तहान भागली तरी मी ओंजळ काढली नव्हती. तसं पाणी मला पुन्हा मिळालं नाही. काशीला तर मी त्याचा थेंबही मिळू दिला नाही.