एकाच मादीची पिलं

देवळीच्या बाजूला वर्धा नदीचा एक डोह देवाचा मानतात. तिथे जाळं पडत नाही. वर-खाली वाळू उपसून नदीचा नाला झाला, तरी त्या डोहात महाशीर मासा टिकला, तो या एका धाकामुळे.

मी मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची माशांची पिलं, विकतो. सायकलला डबे बांधून सुरुवात केली, आज स्वतःची गाडी आहे. बीजकेंद्राच्या साहेबांना पैदाशीसाठी महाशीर हवे झाले, तेव्हा ते माझ्याकडेच आले. डोहाकाठच्या देवळातल्या पुजारीबाबाजींशी मी बरेच दिवस घासाघीस केली. शेवटी पूजा करून मोजक्या जोड्या काढायला ते तयार झाले. अट मी घातली होती: नेलेल्या प्रत्येक जोडीची पिलं डोहात परत यायची. साहेब हो म्हणाले.

पिलं आली. नारळ फुटला, गुलाल उधळला, डबे डोहात रिकामे झाले. मग चहा पिताना साहेब सहज बोलून गेले, "एकाच मादीनं एवढी अंडी दिली, की बाकीच्यांची गरजच पडली नाही."

बाकीच्या माद्या केंद्राच्या टाकीतच मेल्या होत्या.

मी कप आपटला. रोहूच्या धंद्यात हे मी पाहिलं आहे. काही केंद्रं एकाच मादीची पिलं आपसात पिकवत राहतात. बीज दिसायला झकास, पण तळ्यात रोग शिरला की सगळं एकदम पोट वर करून तरंगतं. सगळ्यांचं अंग एकसारखं. तग धरणारा एखादा वेगळा निघतच नाही. डोहातल्या माशांत ते वेगळेपण होतं, किती पूर आणि किती उन्हाळे सोसून उरलेलं. आता त्या मोजक्या जुन्या माशांत हजारो सख्खी भावंडं सोडली होती.

मी गाडीतून जाळं काढलं. पिलं अजून काठालाच होती, निघाली असती. बाबाजी आडवे आले.

"देवाले देलं ते वापस घेतं?"

"बाबाजी, एका मायचे हायेत सारे. पुढं आपसातच पैदा होतीन. जुना वाण बुडन ना!"

"तुले काऊन एवढी आग लागली? साहेबानं तुहा वाटा नाई देला वाट्टे."

लोक खदखदले. मी भडकलो, नको ते बोललो. लोकांनी जाळं माझ्या हातातून ओढून घेतलं. आयुष्यभर मी भाव पाडून घेतले, पण तिथे कोणाला काही विकायचंच नव्हतं.

काही वर्षांनी साहेब पुन्हा पैदाशीचे मासे न्यायला आले. पिलं वाढवून परत आणणार, म्हणून डोहात त्यांचं जाळं बाबाजींना चाललं. मला कोणी विचारलं नव्हतं, मी आपणहून गेलो. टाकीत वाकून पाहिलं. एकूण एक माशाचं कल्ल्यावरचं झाकण अपुरं, आतला लाल भाग उघडा. नदीच्या माशात असं मी कधी पाहिलं नव्हतं, केंद्रांच्या टाक्यांत पुष्कळदा. जुना एकही नव्हता.

"साहेब, हे बहीणभाऊ आहेत."

"मग काय शेठ, गोत्र विचारू यांचं?"

बाबाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. नातीला आलेलं चांगलं स्थळ याच माणसानं सगोत्र निघालं म्हणून परत धाडलं होतं.

टाकी साहेबांच्या गाडीत चढवायला माणसं कमी पडत होती. मला हाक मारली. मी गेलो नाही. माझ्यावाचून त्यांनी ती चढवली.