विहिरीपलीकडून दिसणारे शेत

सुलोचनाबाई तीर्थपुरीच्या आमच्या शाळेत शिवणकामाच्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी आल्या. मला भेटायला मात्र आल्या नव्हत्या. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली गोधडी त्यांना रस्त्यावरून दिसली होती. मी दार उघडले तेव्हा त्या गोधडीची कड उलटून मागचे टाके निरखत होत्या.

"सर, हे कोणी शिवलं?"

"आईने."

"घरात आहेत का त्या?" एवढे विचारून त्या माझ्या शेजारून आत गेल्या. आमची ओळख झाली ती अशी, आणि पुढे वीसेक वर्षे बाई आमच्या घरी आल्या त्या आईकडेच.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लिहा, असे मंडळींनी सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी भूगोलाचा शिक्षक, लेखनाची सवय नाही. दुसरे कारण मी सांगितले नव्हते, ते इथे सांगतो. मला बाईंचा हेवा वाटत आला आहे. तो बाजूला ठेवून लिहिले तर जे लिहीन ते खोटे होईल.

आधी त्यांच्या कामाविषयी. त्या येण्यापूर्वी शिवणाच्या तासाला मुली रुमालावर फुले काढत. बाईंनी सुरुवात ठिगळापासून केली. प्रत्येकीने घरातला एक फाटका कपडा आणायचा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी एकीनेही आणला नाही. फाटके चारचौघींत काढायची मुलींना लाज वाटली. बाईंनी मग नेसत्या साडीचा फाटलेला काठ टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, "हे माझं. आता हे कसं झाकायचं ते सांगा." त्यानंतरच्या तासाला पिशव्या भरून कपडे आले.

त्यांची माया बोलण्यात फारशी दिसत नाही. शाळा तपासणीच्या दिवशी माझ्या सदऱ्याचा खिसा दाराच्या कडीत अडकून फाटला. साहेब व्हरांड्यात पोचले होते. बाईंनी मला नकाशांच्या कपाटामागे उभे केले आणि अंगावरच खिसा शिवायला घेतला. मी अवघडून काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाल्या, "हलू नका, सर. सुई आहे. बोललात तरी छाती हलते." मी श्वास धरून उभा राहिलो. शाळेत ही गोष्ट पुढे बरीच वर्षे सांगितली गेली, पण बाईंनी स्वतः कधी सांगितली नाही.

आईकडे त्या रविवारी येत. पहिल्याच रविवारी आईने त्यांना विचारले, "तुमच्या पोरी रुमालावर फुलं काढतेत म्हणं. रुमाल पांघरून थंडी जाती का, मास्तरीणबाई?"

"न्हाई जात, मावशी. म्हणून तर आले."

आईला हे उत्तर आवडले. महिन्याभरात मास्तरीणबाईंची सुलोचना झाली आणि वर्षाच्या आत सुले. "सुले, टाका लांब जाऊन राह्यला. कुटं जायची जल्दी हाय तुला?" असे आई ओरडायची आणि बाई मुकाट्याने टाका उसवायच्या. शाळेत मुख्याध्यापकांनाही त्यांचा धाक होता.

मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसे. आई बोलत असे. वडीगोद्रीला नवी नवरी म्हणून आल्यावर तिला विहिरीची कशी भीती वाटे, शेतात कोणत्या बाजूला पाणी साचे, कोणत्या बांधावर बोरे गोड. आमचे ते शेत पुढे कालव्यात गेले, विहीर बुजली आणि आम्ही तीर्थपुरीला आलो. त्या शेताविषयी आई माझ्याजवळ कधी बोलली नव्हती. एकदा बाई गेल्यावर मी विचारले, "एवढं काय बोलत होतीस?"

"बायकांचं काय असतंय? तू तपास तुझ्या वह्या."

मी तिचा एकुलता एक मुलगा. एका रविवारी मीही सुई हातात घेतली होती. आई हसून म्हणाली, "सोड ते, बोटाला टोचंल." बाईंच्या बोटांना तेव्हा किती भोके पडली होती ते मला दिसत होते. त्यांना ती असे कधी म्हणाली नाही.

गेल्या वर्षी आई गेली. तिने आधीच सांगून ठेवले होते, "माझी लुगडी सुलीला द्या." तेराव्यानंतर मी गाठोडे नेऊन दिले. बाईंनी आत या म्हटले, पण मी उंबऱ्यावरूनच परतलो. पुढे काही महिने समोर आल्या तर मी मान हलवण्यापलीकडे बोललो नाही. त्यांनी हे कुणाजवळ काढले नाही, याची मला नंतर फार लाज वाटली.

मग एक दिवस त्यांचा निरोप आला, घरी येऊन जा.

पुढच्या खोलीत सतरंजीवर एक लहानशी गोधडी पसरलेली होती. हातभर लांब, वीतभर रुंद. अंगावर घ्यायची नव्हे, बघायची. विटक्या निळ्या लुगड्याचे आभाळ, काळसर लुगड्याची जमीन, पोपटी पट्ट्यांची ज्वारी. धावदोऱ्याच्या ओळी जमिनीवर नांगराच्या तासांसारख्या उमटल्या होत्या. लांबचे तुकडे आधी लावून त्यांवर जवळचे बसवले होते, त्यामुळे शेत खरोखरच लांबवर गेल्यासारखे वाटत होते. मध्ये विहीर आणि विहिरीजवळ कडुलिंब. आमचे शेत होते ते. बाईंनी ते कधी पाहिले नव्हते. मी तिथे लहानाचा मोठा झालो, जन्मभर फळ्यावर देशोदेशीचे नकाशे काढले, पण त्या शेताचा एक कागदही माझ्याजवळ नव्हता.

मी चूक शोधू लागलो. ती सापडली तेव्हा मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

"बाई, लिंब विहिरीच्या उजवीकडं होता. तुम्ही डावीकडं शिवलाय."

"मावशींनी असंच सांगितलं."

"आई शाळा शिकली नव्हती. तिला दिशा काय कळणार?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "सर, तुम्ही विहीर कुठून बघत होतात?"

"रस्त्यावरून. शाळेतून येताना."

"मावशी शेतातल्या खोपीच्या दारात बसून शिवायच्या. खोपी विहिरीच्या पलीकडं होती ना?"

होती. वर्गात मी मुलांना सांगत असे, नकाशा हाती घेतला की आधी आपण कुठे उभे आहोत ते ठरवा. आई जिथे बसे तिथे बसून मी शेत कधी पाहिलेच नव्हते. वर, आभाळाला टेकलेल्या रस्त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा एकच आडवा टाका होता. हे काय, म्हणून मी बोट ठेवले.

"ते तुम्ही," बाई म्हणाल्या. "मावशी म्हणायच्या, तिथं पांढरा सदरा दिसला की मी सुई खोचून चूल पेटवायला उठायचे."

मी खाली बसलो. मग मी ती गोधडी मागितली. माझ्यासारख्या माणसाला मागणे सोपे नसते, पण मागितली.

"न्हाई, सर," बाई म्हणाल्या. "लुगडी मागितली असती तर दिली असती. हे मी शिवलंय, ते देणार न्हाई. बघायला कधीबी या."

त्यांचे बरोबर होते. तरी घरी जाताना मला वाईट वाटत होते आणि हेवा जसा होता तसाच होता. आजही आहे.

आता मी रविवारी त्यांच्याकडे जातो. गोधडीतल्या एखाद्या जागेवर बोट ठेवतो आणि बाई त्या जागेविषयी आई काय म्हणाली होती ते सांगतात. एका रविवारी एकच गोष्ट. दुसरी विचारली तर चहा ठेवायला उठून जातात. आईला जवळून ओळखणारी माणसे आता आम्ही दोघेच उरलो आहोत, आणि अधिक ठाऊक आहे ते त्यांना. अजून बांधावरच्या बोरी राहिल्या आहेत, खोपीच्या आतले काहीच विचारून झालेले नाही, ज्वारीला तर आम्ही हातही लावलेला नाही.

सुलोचनाबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची नजर अशीच सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्याइतकी तेज राहो, गुडघे खाली बसू देवोत आणि प्रकृती ठणठणीत असो. त्यांनी शंभरी गाठावी, असे मी मनापासून म्हणतो. एका रविवारी एक, या हिशेबाने मला तेवढी वर्षे लागतील.