इद्रीसने बॅग लहान केली

रोह्यात इद्रीसने चोवीस वर्षे फोटो काढले. निकाह, साखरपुडे, शाळांची स्नेहसंमेलने. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि वाईट फोटोची लाज कुणाला उरली नाही. गेल्या वर्षी त्याने स्टुडिओ बंद केला. मस्कतला मेहुण्याच्या गोदामात त्याच्यासाठी काम होते, पण त्याला जायचे नव्हते. एप्रिलमध्ये पेणजवळच्या जोह्यात गणपतींचा कारखाना असलेल्या निकेशने परदेशी निघालेल्या दोनशे गणेशमूर्तींच्या कॅटलॉगचे काम दिले. हे साधले तर हमरापूरचे कारखानदारही बोलावतील, या आशेवर इद्रीसने मेहुण्याकडे महिन्याची मुदत मागितली.

जुनी बॅग म्हणजे खांद्यावरची पेटीच होती, आणि उजवा खांदा आखडलेला. एसटीच्या फळीवर ती ठेवावी, तर वडखळपर्यंतच्या खड्ड्यांत आत काय शाबूत राहील याची हमी कोण देणार? त्याने पाठीवरची आटोपशीर बॅग घेतली आणि चार दिवस ती लावत बसला. कॅमेरा आडवा, मूठ वर. मोठी लेन्स उभी. भरलेल्या बॅटऱ्या उजवीकडे, संपलेल्या डावीकडे.

"माझ्या लग्नातल्या पेटीला यवढे कप्पे नव्हते," त्याची बायको सुरैय्या म्हणाली.

"त्या पेटीत ठेवायला होतं काय?"

"तुमच्या घरून काय आलंच नाय, तर ठेवणार काय!"

शेवटी उरली एक जुनी लुंगी. धुळीच्या जागी ती उघड्या बॅगेवर पसरायची आणि तिच्या आडोशाला लेन्स बदलायची, ही त्याची नेहमीची पद्धत. पण तिने एका लेन्सची जागा अडवली होती. मी शेजारी, निवृत्त शिक्षक; शिकवण्याची सवय जात नाही. "कपडे वाळवायला चालला आहेस का? काढ ती," मी म्हणालो. त्याने काढली. चेन अलगद लागली आणि आम्हा दोघांनाही समाधान वाटले.

जोह्यात कॉम्प्रेसरवर मुकुटांना सोनेरी फवारा मारणे चालू होते. इद्रीसने तो थोडा वेळ थांबवायला सांगितले.

"इद्रीसभाय, गाडी उद्या लागतेय," निकेश म्हणाला. "कारागीर काय बसवून ठेवू?"

नवी बॅग पूर्ण उघडल्याशिवाय लेन्स निघत नसे. त्या फवाऱ्यात त्याने ती दिवसभरात अकरा वेळा उघडली आणि उघड्यावरच लेन्स बदलली.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर दिसले ते कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर दिसले नव्हते. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर सोनेरी भुकटी बसली होती. पंचविसाव्या मूर्तीपासून पुढे प्रत्येक गणपतीच्या चेहऱ्यावर त्याच जागी तेच काळपट ठिपके. पुन्हा फोटो काढावेत, तर मूर्ती खोक्यांत बंद होऊन ट्रकवर चढल्या होत्या. तीन दिवस तो एकेक ठिपका पुसत बसला. चाळीस चेहरे झाले तेव्हा निकेशचा फोन आला.

"राहू द्या, इद्रीसभाय. आमच्या मनस्वीने पॅकिंगच्या आधी मोबाईलवर काढले होते. चालतात."

"तिरके असतील रे."

"गिऱ्हाईकाला चालतात."

वाईट कामाला आपल्याकडे याहून मोठे प्रमाणपत्र लागत नाही.

लुंगी काढायला मीच लावले, असे मी त्याला सांगितले.

"नाय हो सर. चोवीस वर्सं फोटो मी काढतोय, तुम्ही नाय."

मग माझ्यादेखतच त्याने मस्कतला फोन लावला. आधी मुलाबाळांची खुशाली विचारली. नंतर आवाज खाली घेऊन विचारले, गोदामात दुसरा कोणी ठेवलास का. मेहुण्याने ठेवला नव्हता.