जांगडचा पडदा

गिऱ्हाइकांविषयी दुकानदाराने मनात काही ठेवू नये, असं आमचे शेठ मनोहरराव नेहमी सांगायचे. त्यांना सांगायला काय जातं? ते गादीवर बसायचे. थानांवर थानं उलगडून खांदे माझे दुखायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर तीच थानं पुन्हा गुंडाळताना दातओठ मीच खायचो. सीताबर्डीच्या मेन रोडमागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी, सतरंज्या. उन्हाळा लागला की दाराशी वाळ्याच्या ताट्याही उभ्या राहायच्या. उमेदीची सगळी वर्षं मी तिथे घालवली आणि माणसाच्या स्वभावाचे जेवढे प्रकार असतात तेवढे सगळे काउंटरच्या पलीकडे पाहिले.

एक बाई नव्या घराच्या भिंतीच्या रंगाचा टवका पदराला बांधून आणायच्या आणि प्रत्येक थानाला लावून पाहायच्या. एक प्रोफेसर पडद्याला पाठीमागून किती उजेड येतो ते बघायला थान घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. नवरा-बायको जोडीने आले की मी आधीच पाणी पिऊन घ्यायचो, कारण ती हिरवा म्हणणार, तो बदामी म्हणणार, आणि तासभर भांडून दोघं एक पायपुसणं घेऊन जाणार हे ठरलेलं. पण या सगळ्यांपेक्षा जास्त डोकं माझं जिने फिरवलं ती चंद्रकलाबाई. आणि आज दुकानातलं एकच माणूस आठव म्हटलं तर तीच आठवते.

पहिल्यांदा आली तेव्हा बहात्तर साल असेल. गोळीबार चौकामागच्या विणकरांच्या वस्तीतून ती पायी आली होती. ठेंगणी, अंगावर जाड काठाचं नऊवारी लुगडं, पायात काही नाही. प्रतापनगरात तिच्या धाकट्या बहिणीने, प्रेमिलाने, नवं घर बांधलं होतं. तिथे खिडकीत वाऱ्याने हलणारा पडदा हिने पाहिला आणि दुपारभर त्याच्यासमोरून उठलीच नाही म्हणे. हे सगळं तिने मला न विचारता सांगितलं. मग तिने अर्धं दुकान उलगडायला लावलं आणि शेवटी शिवून तयार असलेल्या एका जोडीवर बोट ठेवलं. पिवळ्या जमिनीवर निळी फुलं, कापड पातळ, वरती पितळी कड्या.

“जांगड मिळंन का?” तिने विचारलं.

जांगड म्हणजे माल घरी न्यायचा, लावून पाहायचा. पटला तर पैसे द्यायचे, नाही पटला तर जसाच्या तसा परत. आमच्याकडे ही सवलत ओळखीच्या बड्या गिऱ्हाइकांना होती, अनवाणी बायकांना नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात मनोहररावांनी गादीवरूनच विचारलं, घर कोणाचं. तिने नवऱ्याचं, ईश्वरदासचं, नाव सांगितलं. मनोहररावांच्या आईची लुगडी याच ईश्वरदासच्या मागावर विणली जायची. त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी पुडा बांधून दिला.

आठवड्याने ती परत आली. जोडी घडीवर घडी बसवून आणलेली, एक सुरकुती नाही. “नाही पटला,” एवढंच म्हणाली आणि गेली.

एकदा झालं असतं तर मी विसरलो असतो. पण वर्षा-दीड वर्षाने ती पुन्हा उगवली, पुन्हा तीच जोडी मागितली, आणि पुन्हा काही दिवसांनी परत आणून दिली. मधल्या काळात ते डिझाइन मागे पडलं होतं म्हणून जोडी तशीच पडून होती. मी शेठना स्पष्ट सांगितलं, की ही बाई पाहुणे आले की आपल्या पडद्यावर घर सजवते आणि पाहुणे गेले की माल आपल्या गळ्यात मारते. शेठ म्हणाले, मारू दे. मोठ्या मनाची माणसं दुसऱ्याच्या खांद्यावर थानं ठेवूनच मोठी होतात, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे.

तिसऱ्यांदा तिने जोडी नेली ती पोळ्याच्या सुमारास, आणि या खेपेला आठवडा उलटला तरी आणली नाही. नेमकं त्याच वेळी धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंना पिवळ्यावर निळंच पाहिजे होतं. मला संधी मिळाली. सायकल काढली आणि चांगलं खडसावून यायचं ठरवून गोळीबार चौक गाठला.

घर म्हणजे एक लांबट खोली. बाहेर लख्ख ऊन आणि आत शिरलो तर समोरचं काही दिसेना. आधी ऐकू आला तो माग. खट् आणि मग सर्र, खट् आणि मग सर्र. मग हळूहळू दिसू लागलं. जमिनीत कंबरभर खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला एक वाळका माणूस, हातात धोटा, आणि समोर ताणलेलं दुधी सूत. तो ईश्वरदास. त्याने मान वर केली नाही. बाजूच्या भिंतीत खिडकी होती, चांगली ऐसपैस. तिच्यावर जाड पोतं खिळ्यांनी ठोकलेलं होतं. आणि चंद्रकलाबाई कोपऱ्यात बसून आमच्या पडद्याची घडी घालत होती.

मी बोलायला आलो होतो ते सगळं घशातच राहिलं असं नाही, थोडं बोललो. माल असा अडकवून ठेवायचा नसतो, एवढं तरी बोललोच. तिने ऐकून घेतलं आणि मला दारापर्यंत नेलं, मागाच्या आवाजापासून थोडं दूर.

“भाऊ, माग चालते तोवर खिडकी उघडता येत नाही,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात कोरडी हवा लागली की सूत तुटते, पावसाळ्यात दमट लागली की सैल पडते. लग्न होऊन आली तवापासून अंधारातच भाकरी थापून राहिली मी. मंधामंधात ते म्हनतेत, आता पुरे झालं, लुगडं कोनी नेसत नाही, उठतो मागावरून. मंग मी पोतं काढतो अन् तुमचा पडदा लावतो. दोन-चार दिवस उजेडात बसून जेवतो आमी. मंग कोनीतरी लुगडं सांगाले येते, अन् ते पुन्हा खड्ड्यात पाय सोडतेत.”

म्हणजे बाईला पाहुणे वगैरे कोणी नव्हते. पडदा लागला की माग बंद, आणि माग सुरू झाला की पडदा परत, असा हा हिशेब होता. मी तिला सरळच विचारलं, की तुम्हाला नक्की काय पाहिजे, पडदा की माग?

ती हसली. “तेच त समजत नाही ना भाऊ. पडदा आनताना मी खुशीत येतो. परत कराले येतो तवाही खुशीतच येतो.”

तिने पुडा माझ्या हातात दिला. आतून खट् आणि सर्र चालूच होतं. मी सायकलवर टांग मारली आणि दुकानात येऊन जोडी मागच्या फळीवर, चादरींच्या खाली सरकवून दिली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पिवळं संपलं, हिरवं घ्या. शेठनी ते ऐकलं आणि वहीत डोकं घातलं.

त्यानंतर दिवस लवकर बदलले. नायलॉनच्या साड्या आल्या, पॉवरलूमची पातळं ढिगाने येऊन पडली. नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या आणि त्यांच्या सुना गोल साडीवाल्या. मनोहररावांच्या आई गेल्या तेव्हा त्यांच्या घरातूनही लुगडं सांगणारं कोणी उरलं नाही. चंद्रकलाबाईच्या खेपा वाढल्या. पूर्वी वर्षा-दीड वर्षाने यायची, आता वर्षात दोनदा येऊ लागली, आणि पडदा परत यायला आठवड्याऐवजी महिना लागू लागला. पण यायचा. दर खेपेला मी घडी उलगडून पाहायचो, डाग आहे का म्हणून नाही, तर परत आला याचं बरं वाटायचं म्हणून. हे मी शेठना कधी कळू दिलं नाही. दुकानातला माणूस माल परत आल्यावर खूश होतो, हे कोणाला सांगण्यासारखं आहे का?

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. मी कूलरसमोर डुलक्या काढत होतो. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही, कारण ईश्वरदासला मी कधी उभा पाहिलाच नव्हता. तो आमच्या माठाजवळ गेला, त्यातलं पाणी घेऊन हात धुतले, धोतराला कोरडे पुसले आणि मगच काउंटरशी आला. दुकानातल्या कापडाला हात लावायच्या आधी हात धुणारं गिऱ्हाईक मी ना त्याआधी पाहिलं ना त्यानंतर.

त्याने पिवळ्यावर निळ्या फुलांची जोडी मागितली. मी चादरी बाजूला करून काढली. त्याने कापड दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं, नाक मुरडलं. मिलच्या कापडाला तो काय म्हणणार हे मला ठाऊकच होतं. पण त्याने नुसती मान हलवली. मी सवयीने पुडा बांधायला घेतला आणि म्हटलं, जांगड ना?

“जांगड नको गा,” ईश्वरदास म्हणाला. “विकत दे.”

माझा हात दोऱ्यावरच थांबला. सहा वर्षं ही जोडी कोणीतरी एकदाची विकत न्यावी म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, आणि आता गिऱ्हाईक समोर उभं होतं तर मला ती द्यावीशी वाटेना. मी शेठकडे पाहिलं. मनोहरराव गादीवर खाली मान घालून बसले होते. ईश्वरदासने धोतराच्या कनवटीतून पैसे काढून काउंटरवर ठेवले. मग मी विचारावं म्हणून तो थांबल्यासारखा वाटला, म्हणून मी विचारलं, माग?

“मीच उतरवला सकाळी,” तो म्हणाला. “गोदामावर चौकीदारी भेटली. तिले सांगितलं नाही अजून. म्हटलं, घरी गेलो की खिडकीतच लावून देतो, मंग सांगा लागत नाही.”

पुडा काखेत मारून तो उन्हात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना चंद्रकलाबाई पायरीवर बसलेली. हातात पुडा नव्हता. एवढ्या वर्षांत ती रिकाम्या हाताने आली आणि पडदा मागायला आलेली नाही, असं पहिल्यांदाच झालं. डोळे सुजलेले होते. मला वाटलं रडेल, पण ती भांडायलाच आली होती.

“तुमी त्यायले विकत काहून देला?”

मी म्हटलं, बाई, दुकान आहे, मागितलं तर देणार नाही का? पण माझ्या आवाजात जोर नव्हता. ती काउंटरच्या आत येऊन थेट शेठसमोर उभी राहिली. घरात पडदा लागला आहे, म्हणाली. उजेड इतका आला आहे की खड्ड्याच्या तळाची माती दिसते. आणि ते तिथेच, खड्ड्याच्या काठावर बसून आहेत, कालपासून. चौकीदारीवर जातील, जाणार नाहीत कशाला, पोट तर भरायचं आहे. पण पडदा विकत घेतला म्हणजे सगळं संपलंच ना?

“पैसे ठेवा तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “मले पैसे नाही पायजे. फकस्त तो पडदा जांगड आहे म्हना. जांगडचा असला म्हंजे परत करता येते.”

मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी उगाच एक थान उचलून पुन्हा त्याच जागी ठेवलं. मग मनोहररावांनी घसा साफ केला.

“जांगडच आहे वहिनी,” ते म्हणाले. “केव्हाही आणा.”

तिने पदराने तोंड पुसलं, मान हलवली आणि आली तशी पायी निघून गेली. शेठच्या स्वभावाबद्दल माझी जी तक्रार होती ती त्या दिवसापुरती मी मागे घेतली.

पडदा अर्थातच परत आला नाही. दुकान मात्र गेलं. मनोहररावांची मुलं पुण्याला स्थायिक झाली, शेठ थकले, आणि चौऱ्याऐंशीत आमच्या जागेवर चपला-बुटांचं दुकान आलं. मी घरी बसलो. त्यानंतर दोनेक वर्षांनी कसल्याशा कामाने गोळीबार चौकात गेलो होतो, तर पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले.

खिडकी लांबूनच दिसली. पडद्याची निळी फुलं धुऊन धुऊन पुसट झाली होती, पिवळा रंग तर कधीचाच विटला होता, पण कड्या चकचकीत घासलेल्या होत्या आणि कापडावर डाग म्हणून नव्हता. वाऱ्याने तो सारखा आत-बाहेर होत होता. दाराशी चंद्रकलाबाई तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. माझ्या तब्येतीची चौकशी केली. डोळ्यांच्या औषधासाठी दर महिन्याला सीताबर्डीच्या दवाखान्यात जाते, असं बोलता बोलता म्हणाली. म्हणजे आमची गल्ली तिच्या रस्त्यातच होती. चपलांचं दुकान तिने पाहिलं नसेल असं होणं शक्य नव्हतं.

मी निघालो तेव्हा तिने पडद्याकडे बोट दाखवलं. “भाऊ, हा परत कराचा आहे बरं का.”

“करा की,” मी म्हटलं. “घाई नाही.”

खिडकीच्या आत, पडद्यामागे, ईश्वरदास खाटेवर बसला होता. उन्हाचा चौकोन त्याच्या मांडीवर पडला होता. आमचं बोलणं त्याने ऐकलं असावं, कारण आतून त्याचा आवाज आला.

“सांभाळून ठेव वं,” तो बायकोला म्हणाला. “डाग नको पडू देऊ. परत कराचा आहे.”