घळीकडे निघालेल्याला कुणी विचारलं नाही

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. ऐन उन्हाळा होता. मी कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार होतो आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. दहावीतच शाळा सुटलेला, कोकणातून पोटासाठी इतक्या लांब आलेला माणूस मी. भरतीत नाव लागलं तेव्हा मराठवाडा कुठल्या दिशेला हेही मला धड माहीत नव्हतं. या मुलखानं मला सांभाळलं, त्याचे उपकार विसरणार नाही. पण काळजी करायचा स्वभाव काही खात्यात राहूनही गेला नाही. शेवटच्या महिन्यांत तर रोज सकाळी ठाण्याची पायरी चढताना वाटायचं, आता काही विपरीत नको रे बाबा.

त्या शनिवारी हजेरी नुकतीच संपली होती. एक तरुण बाई आणि तिची सासू आत आल्या. बाईचा नवरा गुरुवारी सकाळी मोटारसायकलवर घरातून निघाला होता, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला होता. आलाच नाही. फोन बंद. बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वय तिशीच्या आसपास. सोबत पाठीवरची मोठी पिशवी, दोरी, टॉर्च, भाकरी-ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या नेल्या होत्या.

"कुठं गेले?" मी विचारलं.

"माहीत न्हाई."

"काही बोलले असतील ना?"

"येतो म्हणले, बस."

"तुम्ही विचारलं नाही?"

तिनं सासूकडं पाहिलं. उत्तर सासूनं दिलं. "निघत्या माणसाला कुठं म्हणून विचारतेत का, साहेब? पाय अडखळतो त्याचा. तुमच्यात विचारतेत?"

आमच्यातही विचारत नाहीत. मी बंदोबस्ताला निघालो की बायको दारात उभी राहते, 'कुठं' हा शब्द काढत नाही. त्यामुळं तो प्रश्न मी तिथंच सोडला. हरवल्याची नोंद केली, स्टेशन डायरीला घेतली, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला. फोनचं शेवटचं लोकेशन वारंगा फाट्याच्या टॉवरखाली दाखवत होतं. हा टॉवर किती गावं आणि किती डोंगर पोटात घेतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या माहितीचा उपयोग किती ते कळेल.

दुपारच्या आत खबर आली. फाट्यावरच्या एका पानटपरीवाल्याचा फोन होता. आमच्या उपयोगी पडणारा माणूस, फोटो त्याच्याही मोबाइलवर पोचला होता.

"जमादार, तुमी ज्याला हुडकून राहिले ना, त्याची मोटारसायकल त्याचा मेहुणा फिरवून राहिला. गुरुवारपासून."

मेहुणा म्हणजे त्या बाईचा भाऊ. चौकशी केली तर कळलं, मागच्या लग्नसराईत टॉवेल-टोपीच्या मानावरून दोघांनी भर मांडवात एकमेकांची गचांडी धरली होती. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या पोलीस निरीक्षकांनी, हे ऐकलं आणि टोपी टेबलावर ठेवली. ते टोपी काढून ठेवायचे तेव्हा त्यांच्या लेखी हरवल्याच्या नोंदीचा खुनाचा गुन्हा झालेला असायचा.

मेहुण्याला आणलं. अंगानं दांडगा, शेतातली हळद शिजवून हात पिवळे पडलेले. घाबरलेला होता, पण नजर चुकवत नव्हता. एवढ्या नोकरीत मी पाहिलंय, खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, आणि याला तर एकेक वाक्य ओढून काढावं लागत होतं.

"गाडी तुझ्याकडं कशी?" साहेब.

"दाजींनीच देली. भांडण तवाच मिटलं. फाट्यावर उतरले अन् म्हणले, राहू दे तुझ्याकडं, मी दुसऱ्या अंगानं निघणार हाय."

"दुसरं अंग म्हणजे कुठलं?"

"विचारलं न्हाई."

"काहून?" साहेबांनी त्याच्याच बोलीत दरडावलं.

"निघून राहिले होते ना ते."

साहेब उठून उभे राहिले. "आई विचारत नाही, बायको विचारत नाही, मेहुणा विचारत नाही. घर आहे का धर्मशाळा?"

"धर्मशाळेत विचारतेत, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "घरीच विचारत न्हाईत."

दाराशी उभा असलेला शिपाई फसकन हसला आणि साहेबांनी पाहताच बाहेर पळाला. मला मात्र हसू आलं नाही. ते उत्तर डोक्यात रुतून बसलं. घरचं कुणी विचारत नाही, विचारतो तो परका. मग एवढी पिशवी घेऊन फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी कुठल्या परक्यानं विचारलं असेल? निघालेल्या माणसाला तोंडावर 'कुठं?' म्हणायचा हक्क या जिल्ह्यात एकाच माणसाला आहे. एसटीच्या कंडक्टरला.

आगारातल्या वाहतूक नियंत्रकाला फोन लावला. गुरुवारी सकाळी फाट्यावरून गेलेल्या गाड्यांचे कंडक्टर कोण, एवढंच विचारलं. भला माणूस, कागदी विनंतीची वाट न पाहता त्यानं नंबर दिले. दुसऱ्याच नंबरला माणूस सापडला. तो कंडक्टर घरी जेवायला बसला होता.

"मोठी पिशवीवाला? हाय की ध्यानात. मी म्हणलं, कुठं? तर हसला. म्हणला, मामा, सकाळपासून तुमीच पहिले विचारणारे. म्हणलं, बाबा, आमचा धंदाच अपशकुनाचा!" तो हसत होता. "तांड्याच्या फाट्यावर उतरला. तिथं उन्हाळ्यात कोण उतरतंय? म्हणून ध्यानात राहिला. काहून, काय झालं?"

मी सांगितलं. पलीकडून ताट सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "साहेब, तिथून आत घळ हाय. तिकडं उन्हाळ्यात पाण्याचा थेंब न्हाई."

ती घळ मी एकदाच पाहिली होती. दोन्ही अंगांनी काळ्या कातळाच्या उभ्या भिंती, मधून कोरडा नाला, फोनला रेंज नाही. गुरुवार ते शनिवार. मी साहेबांना एवढंच म्हणालो, "मेहुण्याला सोबत घेऊ द्या. ओळख पटवायला लागेल." ओळख कशाची, ते दोघांनाही कळलं होतं. साहेबांनी मान हलवली.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, वयस्क गृहस्थ. मी फोटो दाखवला. कुणी त्याला पाहिलं नव्हतं. माणसं जमली, पण आमच्या खाकीकडं बघून जरा लांबच. एक शेळ्या राखणारी बाई दोनदा पुढं आली आणि मागं सरकली.

"मावशी, काही सांगायचंय का?"

"तुमी फॉरेस्टचे का?"

"नाही. पोलीस."

"मंग सांगते. काल दिवसभर घळीत शिट्टी वाजून राहिली होती. आमाला वाटलं गार्ड आला, शेळ्या धरतो आता. आमी पल्याडच्या अंगाला पळालो."

"सगळेच?"

"सगळेच. वाजली की पळायचं. लई वाजवली मेल्यानं. तिकडं लिंबाच्या वरच्या फाट्यातून येत होती."

"आणि आज?"

"आज सकाळून थोडी वाजली. मंग बंद."

मी पाण्याची बाटली मेहुण्याच्या हातात दिली. मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं, पण मला त्याच्याकडं बघवेना. एक माणूस मदतीला या म्हणून शिट्टी फुंकत होता आणि ती जितकी वाजे तितकी माणसं त्याच्यापासून लांब जात होती. यात कुणाची चूक म्हणावी? त्या बाईला हे कळलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला आणि आमच्यापुढं धावत सुटली. वाट तिनंच दाखवली. तिचे उपकार मी आजही मानतो.

मुख्य नाल्यातून आम्ही गेलो असतो तर तो सापडलाच नसता. उजव्या हाताला लिंबापाशी घळीचाच एक अरुंद फाटा वर चढत होता. बाई लिंबाखाली थांबली, वर चढलो ते नाईक, मेहुणा, दोन शिपाई आणि मी. वरच्या कपारीखाली, सावलीत, तो पडला होता. पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळलेला. ओठ फाटून काळे पडलेले. शिट्टी ओठांत तशीच होती. मी मनाशी पंचनाम्याची वाक्यं जुळवायला लागलो होतो, खोटं कशाला बोलू.

"दाजी!" मेहुणा ओरडला.

शिट्टीतून हवा आली. आवाज नाही, नुसती हवा.

मेहुणा बाटली घेऊन झेपावला, नाईकांनी त्याचा दंड धरला. "ओतू नको, लेकरा. फडकं भिजव. घोट-घोट." तो ढसाढसा रडत रुमाल पिळत राहिला. ज्याला दुपारी आम्ही खुनाच्या संशयावरून बसवला होता, त्यानंच तांड्यावरून आलेल्या बाजेची डोक्याकडची बाजू रस्त्यापर्यंत कुणाला दिली नाही. रुग्णवाहिका तांड्याच्या फाट्यावर उभी होती. कळमनुरीत सलाइन लावून तसाच नांदेडला हलवला.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळ पाहायला गेलो. नाल्यात पुढच्या वळणावर, दगड-काट्यांखाली झाकून ठेवलेले पाण्याचे भरलेले कॅन सापडले. झाकणंही उघडलेली नव्हती. मी त्या कॅनपाशी खाली बसलो. एकेक कॅन मोजून लिहून घेतला.

पाय वाचला. तो बोलायच्या स्थितीत आल्यावर जबाब घ्यायला मी नांदेडच्या दवाखान्यात गेलो. खाटेशेजारी बायको बसली होती.

त्यानं सगळं सांगितलं. मोबाइलवर तो परदेशातल्या वाळवंटी घळी बघायचा, जिथं लोक पाठीवर सामान घेऊन एक-दोन रात्री मुक्काम करून येतात. त्याला वाटलं, आपली घळ काय वाईट? शहरातली माणसं आणू, वाट दाखवू. आधी स्वतः एक रात्र राहून बघू. तयारी तर अशी की आमच्या बंदोबस्ताच्या आखणीनं लाजावं. पाणी आधीच्या आठवड्यात नेऊन ठेवलं. चालायचं सकाळी आणि उतरत्या उन्हात. मुक्काम नाल्याच्या पात्रात नाही, वरच्या कट्ट्यावर, कारण वळीव लांब कुठं पडला तरी लोंढा इथं येतो. अडचण आली तर शिट्टी. तो कट्टाच बघायला घळीच्या फाट्यात चढला आणि दगड सुटला. आखणीचा सगळा नकाशा फोनमध्ये, आणि फोन खिशात फुटलेला.

"तिथं पडून होतो तवा एसटीचा हॉर्न ऐकू यायचा," तो म्हणाला. "वाटायचं, रस्ता हितंच हाय. पण येईल कोण? मी कुठं हाय हे कोणाला ठाऊकच न्हाई."

"त्या व्हिडिओत सांगत नाहीत का, कुणाला तरी सांगून निघा म्हणून?"

"सांगतेत. सगळ्यात आधी तेच सांगतेत." तो छताकडं बघत राहिला. "मागच्या खेपेला हिनं विचारलं होतं, कुठं चाललात म्हणून. मी बूट काढले अन् परत बसलो. म्हणलं, घातलास ना खोडा. नको ते बोललो. तवापासून हिनं विचारलं न्हाई."

मी लिहायचा थांबलो. ठाण्यात त्या दिवशी प्रश्न विचारल्यावर तिनं सासूकडं का पाहिलं, ते तेव्हा उमगलं. आम्ही पोलीस गप्प माणसाच्या मागं लागतो. त्याला गप्प कुणी बसवलं, हे विचारायचं आमच्या ध्यानात येत नाही.

बायकोनं त्याच्या उशाची चादर सरळ केली. आवाज न चढवता म्हणाली, "मी विचारू न्हाई, कबूल. पण तुमाला सांगायला कोणी धरलं होतं?"

मी तेही वाक्य जबाबाखाली लिहून घेतलं.

एवढ्या वर्षांत मी असंख्य माणसांना विचारलं, कुठं होतास, कुठून आलास, कुणासोबत होतास. माझा पगारच त्याचा. पण हे प्रकरण मला एवढंच शिकवून गेलं की चांगल्या घरातही माणूस बेपत्ता होऊ शकतो, आणि तो घराचा उंबरा ओलांडतानाच झालेला असतो. आता मी कोकणात गावी जायला निघालो की दारातच थांबतो. गाडी कुठली, उतरणार कुठं, वाटेत मुक्काम कुणाकडं, सगळं सांगून टाकतो. बायको कानावर हात ठेवते. मी तिचे हात खाली घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतो.