आधी बोट, मग तिळगूळ

आमच्या रविवारच्या क्लिनिकमध्ये दोन रजिस्टरं आहेत. एक डॉक्टरांचं, त्यात बीपी, शुगर, वजन. दुसरं माझ्या डोक्यातलं. पहिलं कपाटात कुलूपबंद असतं. दुसरं मात्र चार मराठी माणसं जमली आणि कोणी चहा टाकला की आपोआप उघडतं!

क्लिनिक म्हणजे चोआ चू कांगमधल्या एका ब्लॉकच्या तळमजल्यावरची खोली. इथल्या इमारती, बोगदे आणि जहाजं बांधणारे कामगार इथे येतात, बहुतेक बांगलादेशी आणि तमीळ. तुम्ही म्हणाल, सिंगापूरमध्ये दवाखान्यांची काय कमी? हार्बरफ्रंटला माझ्या ऑफिसच्या खालीच तीन आहेत. पण या लोकांना आधी सुपरवायझरची परवानगी हवी, मग अर्धा दिवस सुट्टी, मग लॉरीत जागा. हे तिन्ही एकाच दिवशी जमणं अवघड. म्हणून रविवारी आम्ही. डॉ. कांबळे तपासतात, मी दारात नावं लिहून घेते आणि जोशीकाका फॉर्म भरून घेतात.

जोशीकाका बँकेतून रिटायर झालेले. बुकित तिमाहच्या कॉन्डोत एकटे राहतात. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा टोरांटोत. काकांचा सगळा जीव फॉर्मवर. "रकाना रिकामा म्हणजे फॉर्म अर्धा!" हे वाक्य दर रविवारी निदान दहा वेळा ऐकू येतं.

* * *

काकांच्या पहिल्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: रोज किती मिनिटं चालता?

एक तमीळ कामगार बराच वेळ विचार करत बसला. काकांनी मदत म्हणून विचारलं, "मॉर्निंग वॉक? थर्टी मिनिट्स?"

"वॉक गॉट, सर. टेन अवर."

"टेन अवर्स वॉक?"

"कॅरी सिमेंट अँड वॉक."

काकांनी पेन खाली ठेवलं. पुढच्या रविवारी तो प्रश्न फॉर्ममधून गायब!

* * *

आता माझा पराक्रम. गेल्या वर्षी संक्रांत आणि आमचं शुगर तपासणीचं शिबिर एकाच आठवड्यात आलं. सगळ्यांना सांगितलं होतं, सकाळी उपाशीपोटी या. मी हळदीकुंकवासाठी केलेले लाडू उरले होते. सणाचे दिवस, दारात माणूस आलाय, हातात डबा आहे. माझा हात आपोआप पुढे गेला. "तिळगूळ घ्या, गोड बोला!"

बिचारे सगळे घेत होते. एकानेही नाही म्हटलं नाही. कोणी बोटंसुद्धा चाटली.

तासाभराने डॉ. कांबळे बाहेर आल्या. "अगं, आज झालंय काय? आलेल्या प्रत्येकाला डायबेटिस?"

मग त्यांची नजर माझ्या डब्यावर गेली. पोटात गूळ, बोटांवर गूळ आणि त्याच बोटाला सुई! सगळं शिबिर पाण्यात. घरी सांगितलं तर मुलगी हसून हसून लोळली. "आई! शुगर टेस्टच्या आधी स्वीट्स? लाइक दॅट ऑल्सो कॅन, लाह!" म्हणजे इथल्या इंग्रजीत, असंही चालतं वाटतं!

सगळ्यांना पुढच्या रविवारी परत बोलावलं. त्यांत सेलिम होता. वेल्डर, वय चौतीस, मूळचा बांगलादेशातल्या कुमिल्लाचा. तो तपासायला आलाच नव्हता, मित्राला सोबत म्हणून आला होता, लाडवासाठी रांगेत उभा राहिला आणि रांगेबरोबर त्यालाही सुई टोचली गेली होती. दुसऱ्या रविवारी बाकी सगळ्यांचे आकडे खाली आले. सेलिमचा आकडा होता तिथेच!

* * *

डॉक्टरांनी त्याला बूट काढायला सांगितले. तो काढेना. शेवटी काढले, तर अंगठ्याखाली ही एवढी जखम.

"किती दुखतं?"

"बिलकुल नहीं, मॅडम!" सेलिम अभिमानाने म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. दुखत नव्हतं, तीच तर भीती होती. साखरेने पाय बधिर झाला होता. तो सेफ्टी बूट आणखी काही आठवडे असाच पायात राहिला तर अंगठा जाईल, वेळ पडली तर पाऊलही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि MC, म्हणजे आजारपणाच्या रजेची चिठ्ठी, लिहायला घेतली.

आमच्या ऑफिसात लाँग वीकेंड आला की निम्म्या लोकांना सर्दी होते आणि MC हजर. इथे सेलिमने हात जोडले. "नो MC, मॅडम! दवाई डबल दीजिए, MC मत दीजिए! सुपरवायझर को पता चला तो परमिट काटके घर भेज देगा."

घरी दुसरीत शिकणारी मुलगी होती. तिच्या शाळेसाठी हा इथे.

"इतक्या वर्षांत MC मागून मागून लोकांनी माझं डोकं खाल्लंय," डॉ. कांबळे मला म्हणाल्या. "आणि ज्याला खरंच हवी, तो पाया पडून नको म्हणतोय." त्या चिडल्या होत्या. मीही चिडले होते. एकाच शहरात आजारी पडायचीसुद्धा दोन प्रकारची सोय!

* * *

काकांनी शांतपणे सेलिमचा फॉर्म पुढे ओढला. 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' रिकामा.

"रकाना रिकामा म्हणजे फॉर्म अर्धा."

"घर बहुत दूर है, सर. इधर कोई नहीं."

काकांनी पेन घेतलं, तिथे स्वतःचं नाव आणि नंबर लिहिला. पुढचा रकाना, रिलेशनशिप. तिथे जरा अडले, मग लिहिलं, 'व्हॉलंटियर'.

सेलिमने ते दोनदा वाचलं. त्या दिवसापासून तो त्यांना सर म्हणायचा बंद झाला. बंगालीतही काका म्हणजे काकाच.

* * *

सोमवारी काका टाय लावून, हातात फाइल घेऊन सेलिमच्या साइटवर हजर! रिटायर झाल्यापासून तो टाय बाहेर निघाला नव्हता. गेटवरच्या वॉचमनने सलाम ठोकला. सुपरवायझर धावत आला. "सर, यू फ्रॉम विच डिपार्टमेंट?"

"आय हॅव कम अबाऊट अ फूट," काका म्हणाले.

खुर्ची आली. थंड पाणी आलं. कोणी न मागता फर्स्ट एडची पेटी उघडून दाखवण्यात आली. दुपारपर्यंत सेलिमची रवानगी स्टोअरमध्ये झाली. बसून काम, पायात चप्पल, डॉक्टर सांगतील तोवर. घरी पाठवायचं नावही कोणी काढलं नाही.

"काका, खोटं बोललात?" मी विचारलं.

"छे! मी त्याच्या प्रश्नाचं उत्तर देणारच होतो. पण तेवढ्यात त्याने खुर्ची आणली, मग मी चष्मा पुसत बसलो."

* * *

पाय भरत आला तसा काकांना हुरूप आला. त्यांनी सेलिमला छापील डाएट चार्ट दिला. सकाळी ओट्स, अकराला पपई, दुपारी दोन फुलके, चारला मूठभर बदाम, संध्याकाळी सातला सूप.

सेलिमने वरपासून खालपर्यंत मन लावून वाचला. मग अदबीने विचारलं, "काका, ये आदमी काम कब करता है?"

डॉ. कांबळे हसता हसता खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. कारण तो चार्ट काकांचा स्वतःचा होता, त्यांच्या डॉक्टरने दिलेला! आणि तो त्यांनी एक दिवसही पाळला नव्हता.

काकांनी चार्ट परत घेतला. पुढच्या आठवड्यात सेलिमचं जेवणाचं पाकीट बघायला गेले. दुपारचं जेवण केटररकडून पहाटेच येऊन पडतं. भाताचा डोंगर, वर चमचाभर भाजी. नवा चार्ट दोन ओळींचा झाला: अर्धा भात दोस्ताला. दोस्ताची भाजी तुला.

दोस्त काही वाईट नाही, सेलिम सांगतो. त्याला भाजी आवडतच नाही!

* * *

यंदाची संक्रांत. पुन्हा शिबिर, पुन्हा माझा डबा. फरक एवढाच की दारात सेलिम उभा. आमचा निळा टी-शर्ट, दोन्ही धडधाकट पाय बुटात. सुट्टीच्या रविवारी आता तोही येतो. साबणाने हात धुतल्याशिवाय आणि सुई टोचून घेतल्याशिवाय कोणालाही लाडू नाही. "आधी बोट, मग तिळगूळ!" हे एवढं मराठी त्याने पाठ केलं होतं.

काका आले आणि सवयीने डब्यात हात घातला.

सेलिमने झाकण लावलं. "काका, आधी बोट."

"अरे, मी इथला आहे!"

"आधी बोट."

काकांनी निमूटपणे हात धुतले. मीटरवर आकडा आला. सेलिमच्या गेल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा मोठा. खोलीत कोणी हसलं नाही. सेलिमने कोरा फॉर्म घेतला आणि काकांसमोर बसला. नाव. वय. पत्ता. औषधं घेता? काका खिडकीकडे बघायला लागले.

"इमर्जन्सी कॉन्टॅक्ट?"

"मुलगा," काका म्हणाले. "टोरांटो. नंबर लिही..."

"बहुत दूर है, काका."

सेलिमने तिथे स्वतःचं नाव लिहिलं, मग नंबर. काकांनी फॉर्म ओढून घेतला, चष्मा लावला आणि बँकेत तपासायचे तसा एकेक आकडा तपासला. बराच वेळ लागला.

मग म्हणाले, "रिलेशनशिपचा रकाना रिकामा आहे. फॉर्म अर्धा चालणार नाही."

सेलिमने पेन उचललं आणि अजिबात न अडता लिहिलं, 'व्हॉलंटियर'.